जांभळाचा काठ

नेरळेकट्टे, १९ जुलै

नागू,

पोस्टाचं पाकीट बघून हसू नकोस. तू मला ब्लॉक केलंयस. फोन उचलत नाहीस. तुझ्या आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ओळखून "रेंज नाही अक्का" म्हणतेस आणि ठेवतेस. मंगळूरसारख्या शहरात रेंज नाही, आणि आमच्या ह्या सुपारीच्या बागांत, जिथे रेंजच्या एका काडीसाठी गोठ्याच्या छपरावर चढावं लागतं, तिथे आहे! असो. पोस्टाला रेंज लागत नाही.

मी रागावलेली नाही, हे आधी सांगून टाकते. मागच्या गणेशचौतीला देवळात जे झालं त्याचं मला काहीच वाटत नाही. वर्ष होत आलं. माणसं केव्हाच विसरली सुद्धा. (पुट्टज्जा सोडून. तो अजून मला "काय राजा, पोहायला शिकलास का" म्हणून हाक मारतो. भर बाजारात.)

लिहायचं कारण वेगळंय. आमच्या शाळेत हुबळीहून नवीन हेडबाई आल्यात. मी ताळमद्दळेत बसते हे त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी विचारलं, हे काय असतं? मी सांगितलं, नाटकच, पण वेश नाही, रंग नाही, पडदा नाही. समोरासमोर चटईवर बसायचं. भागवत, म्हणजे गवई, पद गाणार, मद्दळे वाजणार, पद संपलं की त्या पदाचा अर्थ आपण आपल्या मनाने बोलायचा. लिहून आणायचं नाही, तालीम नाही. आमच्याकडचा प्रसंग म्हणजे एक राजा आणि एक नदी. राजाच्या गावात दर वर्षी पूर येतो, राजा नदीला म्हणतो वळ, नदी म्हणते का वळू. शेवटी नदी वळते, हे ठरलेलं. पण कशी वळते, काय बोलून वळते, ते ज्याच्या त्याच्या डोक्यातून त्याच दुपारी निघायचं.

बाई म्हणाल्या, "अगं, मग ऐन वेळी सुचतं कसं?"

मी म्हटलं, "सुचतं."

आणि घरी येऊन जेवले नाही.

कारण मला नाही सुचत नागू, तुला सुचतं. आता हे लिहिलंच आहे तर खोडत नाही, पेनाने लिहितेय.

काल मी तिम्मप्पा भागवतांकडे गेले होते. ते म्हणाले, चौतीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रसंग लावायचाय, गाव मागतंय. गाव काय मागतंय ते मला कळतं. गाव नागश्रीला मागतंय. मी म्हटलं, भागवतरे, ह्या वेळी नदी मी करते. ते चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, "कर. पण पुन्हा गप्प बसलीस तर पुढच्या वर्षीपासून मागे बसून श्रुतिपेटी धर."

श्रुतिपेटी! सूर भरत, भाता हलवत, तोंड मिटून. पेटी धरणारं माणूस किती छान आहे असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

तर तू येशील का? राजा करशील का? राजा सोपा असतो. शेवटी जिंकतोच.

अक्का (मेदिनी, तुझी दुसरी कुणी अक्का आहे की काय मला माहीत नाही)

ता. क. तुला ताळमद्दळेत पहिल्यांदा हाताला धरून मी नेलं होतं. सहज आठवलं म्हणून.


नेरळेकट्टे, ३० जुलै

नागू,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टात गहाळ झालं असेल असं धरून चालते.

मी बेंगळूरला जाऊन आले. 'तुमच्यातला कल्पक माणूस जागा करा' असं दोन दिवसांचं शिबिर होतं. तुला हसू येतंय, मला दिसतंय. पण मी गंभीर आहे. माझं म्हणणं असं, की तुला जे येतं ते काही जादू नाही. ते शिकता येत असणार. पोहणं येतं, सायकल येते, तसं सुचणंही येत असणार. नाहीतर मग काय, देवाने तुला दिलं आणि मला विसरला? मी मोठी. रांगेत आधी मी उभी होते.

शिबिरात एका माणसाने आम्हाला वीट दिली. खरी वीट, लाल. म्हणाला, हिचे जितके उपयोग सुचतील तितके लिहा. नागू, मी सगळ्यांत जास्त लिहिले! दाराला अडकण, लोणच्याच्या बरणीवरचं वजन, उंच दिसायला पायाखाली, कुत्र्याची उशी, वाईट जावयाला आहेर. त्याने टाळ्या वाजवल्या आणि मला चॉकलेट दिलं. म्हणाला, तुमचं मन फार मोकळं आहे. मी रात्रीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून नुसती हसत होते. वाटलं, आलं. मला आलं!

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. चिक्कम्मा फणसाचे गरे सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वीट आणलीस का घरी? न्हाणीची पायरी निखळलीय."

उपयोग क्रमांक एक राहूनच गेला होता.

मग मी तिला सरळ विचारलं. "चिक्कम्मा, नागूला हे कुठून येतं? लहानपणी तिला तू काय खायला घालायचीस?"

"काय घालायचे? तुला जे तेच. ताकातली तांबुळी आणि भात."

"मग ती काय करायची? गोष्टी रचायची? एकटीच बोलायची? आरशासमोर?"

"छे गं. बोलायचीस तू. ओढ्यावर गेलात की तू जांभळाखाली बसून तोंड जांभळं करून जी सुरू व्हायचीस! ही आपली पलीकडे दगडावर, पाय पाण्यात सोडून बघत बसलेली. मी म्हणायचे, ह्या पोरीला जीभ आहे की नाही बघा कुणीतरी."

म्हणजे तू काहीच करत नव्हतीस. हे मला जास्त लागलं. तू सराव केला असतास, रोज पहाटे उठून शंभर वाक्यं घोकली असतीस, तर मी म्हटलं असतं, ठीक, कष्टाचं फळ. पण नुसतं दगडावर बसून? त्याला मी काय करू? आता जाऊन दगडावर बसू? (बसले. काल संध्याकाळी. मुंग्या होत्या.)

एक सांगू का? मागच्या वर्षी मी पीठिका, म्हणजे सुरुवातीचं बोलणं, पाठ करून आले होते. सगळे म्हणतात ताळमद्दळेत पाठ करून येऊ नये, पण सगळे थोडं करतातच. मी जरा जास्त केलं होतं, बस. "हे नदी, तुझ्या काठावर मी लहानपणी खेळलो, तुझ्या वाळूत माझी पावलं उमटली" वगैरे. चांगलं वाक्य होतं. माणसं माना डोलावत होती. आणि तू माझं होईपर्यंत शांत बसलीस आणि मग विचारलंस, "राजा, माझ्या काठावर खेळलास म्हणालास. कोणत्या? मला दोन आहेत. ह्या की त्या?"

बस एवढंच. त्यात काय होतं? धर्म नव्हता, नीती नव्हती. साधा प्रश्न. कुठलंही पोर विचारील असा. आणि माझ्या डोक्यात नुसतं पांढरं. मी तोंड उघडलं, मिटलं. तेवढ्यात पुट्टज्जा मागून ओरडला, "राजाला पोहता येत नाही वाटतं, काठच माहीत नाही!" आणि देवळाची सगळी चंद्रशाळा हसली. बायका, पोरं, भटजी सुद्धा. भागवतांनी घाईने पुढचं पद उचललं आणि नदी वळली. हरायचं होतं नदीने, आणि राजाची पार शोभा झाली.

नंतर गरम कषाय पिताना मी तुला म्हटलं, मुद्दाम केलंस. आणि तू म्हणालीस, "अक्का, तू ऐकतच नव्हतीस."

मग मी फॅमिली ग्रुपवर तो आवाजी निरोप टाकला. जरा लांब झाला होता हे मान्य. पण ब्लॉक करण्याएवढा नव्हता.

येतेस का ते कळव. विटेचे उपयोग कुणाला सांगायचे तेही कळव.

अक्का


नेरळेकट्टे, १४ ऑगस्ट

नागश्री,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन शंकर गौडाने ते वाटेत वाचलं होतं, मला हातात देताना म्हणाला, "धाकटी तंगी येतेय हं चौतीला! राजा करतेय!" म्हणजे मला कळायच्या आधी शिरसी रस्त्यावरच्या सगळ्या घरांना कळलं.

"अक्का, चौतीला येते. राजा मी करते. ब्लॉक काढणार नाही, तुझी पत्रं छान असतात."

हे असं. मी एवढी पानंच्या पानं लिहायची आणि तू पोस्टकार्डावर अर्धी जागा कोरी सोडून मोकळी. आणि वाचणारा म्हणणार, वा, काय लिहिलंय! मी ते कार्ड कितीदा वाचलं ते सांगणार नाही. 'छान असतात' म्हणजे काय गं? कशाने छान? चेष्टा आहे का? अप्पय्याला दाखवलं, तर त्याने सुपारी चघळत वाचलं आणि म्हणाला, "कमी बोलते ही. गुण आहे." मग माझ्याकडे बघून, "तुझ्यातही आहेत हो गुण." बाप म्हणून म्हणाला.

इथे काय चाललंय ते ऐक. पुट्टज्जाने मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय. मी विचारलं, अज्जा, ऐकायला डोळे कशाला लागतात, करून घे की. तर म्हणे, "ऑपरेशन झालं की पट्टी बांधून घरात ठेवतील. मग नागश्रीचं कोण ऐकेल?" मी पण आहे अज्जा, म्हटलं. "हो हो," म्हणाला, "तूही असशीलच."

तूही असशीलच! पितळेच्या समईसारखी. प्रत्येक कार्यक्रमात असतेच.

पण ह्या वेळी बघ. मी तयारी करतेय आणि लपवत नाही. राजा नेहमी काय करतो? नदीला काहीतरी देऊ करतो. मागच्या साठ वर्षांत ह्या देवळात जेवढे राजे झाले, सगळ्यांनी काही ना काही देऊ केलं. तर मी तुला विचारणार, "मी वळले तर मला काय मिळेल?" आणि तू काहीही म्हण, माझ्याकडे उत्तर आहे. देऊळ बांधतो म्हणालीस तर: देऊळ दगडाचं, मी वाहती, मला आत कोंडणार का? सोन्याची नथ म्हणालीस तर: माझ्या तळाशी तुझ्या आजोबांनी टाकलेलं सोनं अजून पडलंय, ते आधी घेऊन जा. ओटी, दिवे, नाव, कीर्ती, सगळ्यांवर आहे. गोठ्यात जाऊन गौरी गाईसमोर बोलून बघितलं. ती रवंथ करत राहिली, पण शेवटी शेवटी कान हलवला.

हे तुला आधी सांगायचं नसतं, मला माहीत आहे. समोरासमोर बसणाऱ्यांनी आदल्या दिवशी एकमेकांचं तोंडही बघू नये म्हणतात जुने लोक. पण मला तुला सांगायचंच आहे. तुला आधीपासून भीती वाटली पाहिजे. मला मागच्या वर्षापासून वाटतेय.

कर तयारी. करून दाखव.

मेदिनी


नेरळेकट्टे, चौतीच्या आदल्या दिवशी

नागू,

हे मंगळूरला पोचेल तेव्हा तू इथे असशील, म्हणजे तू हे सगळं झाल्यावरच वाचणार. म्हणून लिहितेय.

तुझी बस आली तेव्हा मी माडीवरून बघत होते. तू खाली उतरलीस, पिशवी ठेवलीस, आणि तो ड्रायव्हर तुला काहीतरी सांगत होता आणि तू ऐकत होतीस. बस सुरू, मागे गाड्या हॉर्न देतायत, आणि तू ऐकतेयस. काय सांगत होता तो? दोन घडीचा ड्रायव्हर! त्याच्याजवळ ऐकण्यासारखं असतं काय?

मला सगळी उत्तरं पाठ आहेत. आईने उसाच्या रसाचे तोडदेव केलेत, एकही खाल्ला नाही.

मला पेटी नकोय नागू.


नेरळेकट्टे, चौतीनंतर, शनिवार

नागू,

तू पहाटेच्या बसने गेलीस आणि मला उठवलंही नाहीस. चिक्कम्मा म्हणाली, "ती म्हणाली, अक्काला झोपू दे, काल पुष्कळ वाहिली." विनोद करून जायची सवय तुझी जाणार नाही.

काल जे झालं ते तू समोर बसून पाहिलंस, तरी मी लिहितेय. तू माझ्या समोर होतीस, माझ्या आत नव्हतीस. इकडून कसं दिसलं ते ऐक. ऐकायला तुला आवडतंच.

पहिल्या पदानंतर तू पीठिका बोललीस. खरं सांगते, मी ऐकत नव्हते. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि मनात माझी उत्तरं मोजत होते, नथ, ओटी, दिवे. तुझा आवाज कानावरून जात होता. मधेच 'काठ' असा शब्द आला आणि मला वाटलं, झालं, पुन्हा मागच्या वर्षीचं काढणार. पण तू मला विचारलं नाहीस काही. तू सांगत होतीस. "मागच्या खेपेला तू मला विचारलंस, कोणत्या काठावर खेळलास. मी उत्तर दिलं नाही. आज देतो. मी ह्या काठावर खेळायचो. इथे नुसता चिखल आणि दगड. जांभूळ समोरच्या काठावर होतं. मी इथून बघायचो, तिकडे जांभळं आपोआप ओच्यात पडायची. राजाचा मुलगा होतो मी, पण जांभूळ माझ्या काठाला नव्हतं."

माणसं हसली. मी म्हटलं, चला, हसवून घेतेय.

मग माझी पाळी आली आणि मी माझा प्रश्न टाकला. आवाज चांगला लागला होता. "राजा, मी वळले तर मला काय मिळेल?" मद्दळेवर थाप पडली. पुट्टज्जा पुढे सरकून बसला. मी मनात तयार, सोडा एकेक.

आणि तू गप्प.

मला आधी वाटलं, अडकली! नागू, काय सांगू, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. नागश्री गप्प! सगळ्या गावासमोर! मग तू मान वर केलीस.

"काही नाही," म्हणालीस. "तुला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी रात्रभर शोधलं. तू नको वळूस. माझं गाव तुझ्या वाटेत आहे, तू माझ्या गावाच्या वाटेत नाहीस. उद्या मी माणसांना उचलतो आणि वरच्या माळावर नेतो. तू आहेस तशी जा."

आणि मांडी बदलून स्वस्थ बसलीस. झालं.

बाई गं! भागवतांचा हात टाळावर तसाच राहिला. पुढचं पद काय आहे? 'राजाचा बोल ऐकून नदी वळली.' कुठला बोल? राजाने तर जा म्हटलं! नदी गेली तर गोष्टच बुडाली, देऊळ कशाला, गाव कशाला, आपण तरी इथे कशाला बसलोय? मागे कुणीतरी कुजबुजलं, "अय्यय्यो, आता?" भागवत माझ्याकडे बघत होते, पद गाऊ शकत नव्हते. नदी का वळणार ते नदीने सांगितल्याशिवाय कसं गाणार? आणि त्यांच्या मागे ती श्रुतिपेटी, सुब्बी भाता हलवतेय, हू हू हू.

माझी सगळी उत्तरं, देऊळ, नथ, ओटी, एकदम कचरा झाली. तू काही दिलंच नाहीस तर नाकारू काय? पुन्हा पांढरं झालं डोक्यात. मागच्या वर्षीसारखंच. फक्त ह्या वेळी त्या पांढऱ्यात एक गोष्ट पडलेली होती. तुझं वाक्य. जे मी ऐकलं नव्हतं असं मला वाटत होतं. जांभूळ माझ्या काठाला नव्हतं.

माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं नागू, म्हणून मी ते उचललं.

"राजा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "आजवर जे आले ते द्यायला आले. घे आणि वळ. मला कुणी कधी काही देऊच दिलं नाही. मला तुझा हेवा वाटतो. तुझ्याकडे सोडून द्यायला एक अख्खं गाव आहे, आणि तू ते मांडी बदलावी तसं सोडून दिलंस. माझ्याकडे काय आहे? पाणी माझं नाही, डोंगराचं. मासे त्यांचे ते. दोन काठ, पण मी कधी कुठल्या काठावर बसले नाही. माझं म्हणावं असं माझ्याकडे फक्त एक वळण आहे. ते मी देते. तू मागितलंस म्हणून नाही, तू नको म्हणालास म्हणून. त्या समोरच्या जांभळाच्या पलीकडून वळसा घालीन. तुझं गावही राहील." इथे मी थांबले, कारण पुढचं मलाच तेव्हा दिसलं. "आणि मी पलीकडून गेले, की जांभूळ तुझ्या काठाला येईल."

भागवतांनी पद कधी उचललं मला कळलं नाही. मी तुझ्याकडे बघत होते. तू राजासारखी बसली नव्हतीस. तोंड बाजूला करून पदराने नाक पुसत होतीस.

नंतर कषायाच्या वेळी काय झालं ते तुला माहीत नाही, तुला बायकांनी घेरलं होतं. "काय राजा केलास! काय सोडून दिलंस!" सगळ्यांचं एकच. मी वाटी घेऊन खांबाला टेकून उभी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं वाक्य मी बोलले होते आणि गावाला राजा आवडला होता. हेवा कसा असतो विचार मला. आतून वाफ येत होती.

मग पुट्टज्जा काठी टेकत आला. मी म्हटलं, आता ह्याचं काय. म्हणाला, "पोहलीस गं." आणि गेला.

भागवत टाळ पिशवीत घालत होते. मला बघून कुरकुरले, "सुब्बीचं लग्न ठरलंय. आता पेटीला कोण बघायचं? तू तर मोकळी नाहीस."

मी घरी येऊन माडीवर जाऊन रडले, ते तुला सांगायची गरज नाही.

आता माझा प्रश्न. तू हे ठरवून आली होतीस का? मी पत्रात सगळं आधीच लिहिलं होतं, काय मिळेल विचारणार म्हणून. म्हणजे 'काही नाही' हे तू मंगळूरलाच ठरवलंस. ठरवलं असशील तर मला बरं वाटेल, कारण मग ती तयारी झाली, आणि तयारी मलाही येते. आणि तिथे बसल्या बसल्या सुचलं असेल, तर मी जन्मभर जळत राहीन. म्हणून सांगू नकोस. नाही, सांग. नाही, नकोच.

एवढं लिहून मी पत्र बंद करणार होते. खाली चिक्कम्मा आली होती न्हाणीच्या पायरीला गवंडी बघायला. मी तिला म्हटलं, "नागूला ते जांभळाचं कुठून सुचलं असेल गं? आपल्या प्रसंगाच्या पदांत तर जांभूळ नाहीच."

चिक्कम्मा माझ्याकडे बघायलाच लागली. "मेदिनी, तू काय झोपेत बोललीस काल? ओढ्यावरचं जांभूळ विसरलीस?"

आणि मग नागू, मला तो ओढा दिसला. मी जांभळाखाली, ओच्यात जांभळं, तोंडाचा पट्टा सुरू. मोठी म्हणून चांगली जागा माझी, हे कुणी ठरवलंही नव्हतं, होतीच माझी. आणि समोर, दगडावर, पाय पाण्यात सोडून, एक मुलगी. ऐकत.

तू मला चिडवत नव्हतीस ना मागच्या वर्षी? ह्या की त्या, हे तू खरंच विचारत होतीस. आणि मला आठवलंच नाही. मीच बसायचे तिथे आणि मलाच आठवलं नाही.

म्हणजे एवढी वर्षं तुलाही माझा हेवा?

मला काय वाटतंय ते सांगता येत नाही. वाईट वाटायला हवं. पण खरं सांगू, आधी बरं वाटलं. मग वाईट. मग पुन्हा बरं. बेंगळूरच्या त्या माणसाला विचारायला हवं होतं, दगडावर बसून समोरच्या जांभळाकडे बघणं हा कितवा उपयोग.

तुला उत्तर द्यायचं राहिलंय. वर्ष उशीर झाला, पण पद पुढे गेलं तरी उत्तर द्यावं म्हणतात. माझा राजा जांभळाच्या काठावर खेळायचा, नागू. आणि त्याने कधी पलीकडे एक फेकलं नाही.

ह्या पाकिटात सुकलेलं पान आहे ते जांभळाचं. फळं आता संपलीत. पुढच्या हंगामात ये, तू झाडाखाली बस. मी दगडावर बसते. मुंग्यांचं बघू काहीतरी.

ब्लॉक काढू नकोस एवढ्यात.

अक्का